एकाच पावसाखालचे शेजारी: हवामानबदल आणि दक्षिण आशियातील शेतमालाचा व्यापार

फोर्टचा_चाकरमानी :

हवामानबदलामुळे शेतीचे काय नुकसान होते यावर येथे अनेकदा चर्चा झाली आहे. मात्र पीक शेतातून निघून सीमेपलीकडच्या बाजारात पोहोचेपर्यंत हवामानाचा फटका कसा पसरत जातो, यावर स्वतंत्र धागा आढळला नाही, म्हणून हा काढत आहे. फोर्टमधल्या एका बँकेच्या परकीय व्यापार विभागात माझी नोकरी झाली. कांदा, तांदूळ आणि डाळी यांच्या एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे मालाची कागदपत्रे आल्यावर पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची हमी) रोज हाताखालून जात असत. त्यामुळे माझा दृष्टिकोन शेताच्या बांधावरचा नसून कागदपत्रांच्या टेबलावरचा आहे, हे आधीच सांगतो.

माझे मत असे आहे की अतिवृष्टी किंवा उष्णतेच्या लाटेमुळे पीक जाते तेव्हा व्यापाराचे नुकसान होतेच, परंतु त्याहून मोठे आणि अधिक टिकणारे नुकसान त्यानंतर रातोरात निघणाऱ्या अधिसूचनेमुळे होते. हवामान जसजसे लहरी होत आहे तसतशा या अधिसूचनाही वाढत आहेत, आणि शेजारी देश त्यांतून एकच धडा घेत आहेत, तो म्हणजे भारतावर विसंबून राहू नये.

ठळक घटना तेवढ्या नोंदवतो. २०१९ मध्ये मोसमी पाऊस उशिरा आला आणि नंतर महाराष्ट्र व कर्नाटकात इतका पडला की खरीप कांदा हातचा गेला. २९ सप्टेंबर २०१९ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली. पुढच्या वर्षी १४ सप्टेंबरला पुन्हा बंदी आली, ती १ जानेवारी २०२१ रोजी उठली. मार्च २०२२ हा देशाच्या सरासरी कमाल तापमानाच्या दृष्टीने १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला, गव्हाचा दाणा भरण्याआधीच वाळला, आणि १३ मे २०२२ रोजी गव्हाची निर्यात थांबली. त्या आधीच्या आर्थिक वर्षात आपण निर्यात केलेल्या गव्हापैकी निम्म्याहून अधिक गहू एकट्या बांगलादेशाने घेतला होता. २० जुलै २०२३ रोजी बासमतीखेरीज इतर पांढऱ्या तांदळावर बंदी आली. जगाच्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा सुमारे ४० टक्के असल्यामुळे तिचे पडसाद दूरवर उमटले. त्याच वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. आपण स्वयंपाक्याला कांदा वापरू नकोस असे सांगितले आहे, असे त्या तेथे विनोदाने म्हणाल्या आणि तेवढीच बातमी आपल्याकडे गाजली. त्यापुढची त्यांची विनंती मला अधिक महत्त्वाची वाटते: अशी बंदी घालायची असेल तर आधी कळवावे, म्हणजे आम्हाला दुसरीकडून व्यवस्था करता येईल. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पूर्वसूचनेशिवाय पुन्हा बंदी आली.

आपली मते मांडावीत. कोणत्या पक्षाचे सरकार होते या वादात धागा अडकू नये, कारण निर्यातबंदीचे हत्यार सर्वच पक्षांच्या सरकारांनी वापरलेले आहे.


निफाडकर_मुलुंड :

मी मुलुंडला राहतो, पण घरची शेती निफाड तालुक्यात आहे आणि कांद्याचा हिशेब दर हंगामात फोनवरून माझ्याकडेच येतो. आपण अधिसूचनेपासून सुरुवात केली, मी तिच्या आधीच्या महिन्यांपासून करतो, कारण २०२३ हे एक वर्ष नीट पाहिले तर सगळी साखळी स्पष्ट दिसते.

आमच्याकडे कांद्याचे तीन हंगाम आहेत. खरिपाचा लाल कांदा दिवाळीच्या आगेमागे येतो, रांगडा जानेवारीपासून मार्चपर्यंत, आणि उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलपासून. पहिले दोन टिकत नाहीत, काढले की विकावेच लागतात. चाळीत, म्हणजे कांदा साठवण्याच्या हवेशीर शेडमध्ये, साठवता येतो तो उन्हाळ कांदाच, आणि एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत अवघा देश व शेजारचे निम्मे देश त्याच्यावर भागवतात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये असामान्य उष्मा पडला. रांगडा कांदा वेळेआधी पक्व झाला, लवकर काढणीला आलेल्या मालाची त्यात भर पडली, आणि सगळा माल एकाच वेळी लासलगाव व आसपासच्या बाजार समित्यांत आला. भाव क्विंटलला चार-पाचशे रुपयांपर्यंत कोसळले. राज्य सरकारला क्विंटलमागे ३५० रुपयांचे अनुदान जाहीर करावे लागले. नेमके याच सुमारास, मार्चच्या मध्यात, बांगलादेशाने स्वतःच्या शेतकऱ्यांचा कांदा बाजारात येत असल्यामुळे आयात परवाने देणे थांबवले. त्यांच्या बाजूने ते योग्यच होते, पण आमच्या मालाची एक मोठी वाट बंद झाली.

त्यानंतर मार्च-एप्रिलमध्ये गारपीट आणि अवकाळी पाऊस झाला. उन्हाळ कांदा काढणीच्या वेळी भिजला की पाणी मानेतून आत शिरते. असा कांदा वरून चांगला दिसतो, चाळीत ठेवला की दोन महिन्यांत काजळी धरतो आणि सडायला लागतो. त्यामुळे सरकारी आकड्यांत उत्पादन चांगले दिसत होते, तरी चाळीतला खरा साठा तितका उरलेला नव्हता. ऑगस्ट कोरडा जाऊ लागला तशी खरीप लागवड लांबली. भाव थोडे वर येऊ लागले तोच १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याहून कमी भावाने निर्यात करता येत नाही) आणि ८ डिसेंबरला थेट बंदी आली.

फेब्रुवारीत उष्म्याने भाव पाडला तेव्हा नुकसान शेतकऱ्याचे झाले. गारपिटीने साठा सडवला तेव्हाही त्याचेच झाले. टंचाईमुळे चार पैसे मिळण्याची वेळ आली तेव्हा दार बंद झाले. हवामानाचा धोका आणि धोरणाचा धोका असे दोन वेगळे खाते आम्ही मांडत नाही, कारण दोन्ही एकाच सातबाऱ्यावर येऊन पडतात.


लालबागची_खानावळ :

दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, मात्र या चर्चेत खाणारा माणूस अद्याप आलेला नाही. मी लालबागला खानावळ चालवते. माझ्याकडे जेवणारी माणसे सुरक्षारक्षक, कुरिअरवाले आणि छोट्या कारखान्यांतले कामगार आहेत. कांदा शंभर रुपये किलो होतो तेव्हा मला ताटाचा दर वाढवता येत नाही, कारण दहा रुपये वाढवले तरी ती मंडळी वडापाववर भागवू लागतात. मग मी कांदाभजी बंद करते, भाजीत कोबी वाढवते आणि डाळ पातळ करते.

निर्यातबंदी शेतकऱ्यावर अन्याय करते हे मला मान्य आहे. परंतु ज्या देशात कोट्यवधी लोकांच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा अन्नावरच खर्च होतो, तेथे सरकारने आधी आपल्या माणसांचे ताट पाहावे, यात मला तरी गैर काही दिसत नाही. बांगलादेशाने मार्चमध्ये आपल्या शेतकऱ्यासाठी आयात थांबवली ती योग्य, आणि भारताने ग्राहकासाठी निर्यात थांबवली ती मात्र विश्वासघात, असे कसे?


फोर्टचा_चाकरमानी :

ताई, आपला आक्षेप रास्त आहे. फरक हेतूचा नाही, पद्धतीचा आहे. आयातीचा परवाना न दिल्याने माल निघतच नाही. निर्यातबंदीची अधिसूचना मात्र माल निघाल्यावर, करार झाल्यावर आणि पैसे अडकल्यावर येते. समोरच्या व्यापाऱ्याने ढाक्यातल्या बँकेत मार्जिन, म्हणजे आगाऊ ठेव, भरून एलसी उघडलेली असते, तिची मुदत चालू असते, आणि माल सीमेवर येऊन थांबतो. ही रक्कम त्याच्यासाठी आठवडेच्या आठवडे मृत होते. अशा दोन अनुभवांनंतर तो भारतीय निर्यातदाराशी करार करताना त्या धोक्याची किंमत भावात धरतो, किंवा इजिप्त, तुर्कस्तान, चीन, म्यानमार, पाकिस्तान यांच्याकडे वळतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये बांगलादेशात कांदा किलोला २०० टक्यांच्या (टका हे त्यांचे चलन) वर गेला होता आणि त्यांनी तो विमानाने आणवला होता. ज्या व्यापाऱ्याने कांदा विमानातून उतरवून घेतला आहे, तो ती रात्र सहजासहजी विसरत नाही.


न्हावाशेवा_शिफ्ट :

मी बंदरावर मालाचे कस्टम्सचे सोपस्कार करणाऱ्या क्लिअरिंग एजंटकडे काम करतो, त्यामुळे अधिसूचना आल्यावर प्रत्यक्षात काय घडते ते लिहितो.

बंदीच्या अधिसूचनेत साधारणपणे अशी तरतूद असते की ज्या मालाचे जहाजावर लोडिंग सुरू झाले आहे, किंवा जो अधिसूचनेपूर्वी कस्टम्सच्या ताब्यात देऊन त्यांच्या प्रणालीत नोंदला गेला आहे, तेवढाच जाऊ शकतो. म्हणजे एकाच निर्यातदाराचे काही कंटेनर बंदराच्या फाटकाच्या आत असले तर सुटतात आणि रस्त्यावर रांगेत असलेले अडकतात. न्हावाशेव्याहून कांदा श्रीलंका, मलेशिया आणि आखाती देशांकडे रीफर, म्हणजे शीत, कंटेनरमधून जातो. रीफरला वीजजोडणी लागते, तिचे भाडे दर दिवशी चढते, आणि कंटेनर परत न्यायचा म्हटले तर कागदपत्रांचा उलटा प्रवास करावा लागतो. बहुतेक वेळा तो माल तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात मिळेल त्या भावाने उतरवला जातो. त्या दिवशी मुंबईत कांदा स्वस्त मिळाल्याची बातमी येते. ती स्वस्ताई कोणाच्या खिशातून आली याची बातमी येत नाही.

बांगलादेशाचा माल मात्र आमच्या बंदरातून फारसा जात नाही. तो नाशिकहून ट्रकने पश्चिम बंगालच्या सीमेवर जातो: पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर, हिली. सप्टेंबर २०२० मध्ये या ठिकाणी ट्रकांच्या रांगा लागल्या होत्या. ताडपत्रीखाली पावसाळी उष्म्यात कांदा किती दिवस टिकेल याचा अंदाज निफाडकर देऊ शकतील. शेवटी अडकलेल्या मालासाठी २५,००० टनांची सवलत दिली गेली, तोपर्यंत बऱ्याच पोत्यांना पाणी सुटले होते आणि पलीकडे पोहोचलेला माल तिकडच्या व्यापाऱ्यांना निवडून फेकावा लागला. त्याच वर्षी मे महिन्यात टाळेबंदी असताना रेल्वेने लासलगाव परिसरातून बांगलादेशातल्या दर्शनापर्यंत कांद्याच्या मालगाड्या नेल्या होत्या. म्हणजे इच्छा असली की व्यवस्था उभी राहते, हेही आपण पाहिले आहे.


खारफुटी :

मी हवामानशास्त्राची विद्यार्थिनी आहे. या चर्चेत एक गृहीतक न तपासता पुढे जात आहे असे वाटते, ते म्हणजे सगळे शेजारी एकाच पावसाखाली असल्यामुळे सगळ्यांचे पीक एकाच वेळी जाते. हे अंशतःच खरे आहे.

एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा अधिक तापते त्या, वर्षी नैऋत्य मोसमी पाऊस भारताच्या मोठ्या भागात कमी होण्याकडे कल असतो, आणि अशा वर्षी भारत, नेपाळ व इतर शेजारी एकत्र अडचणीत येऊ शकतात. परंतु त्याच एल निनोमध्ये ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस श्रीलंकेत वाढण्याकडे कल असतो, म्हणजे त्यांच्या मुख्य भातहंगामाला तेव्हा पाण्याची ददात नसते. पूर आला तर गोष्ट वेगळी. बांगलादेशातला निम्म्याहून अधिक तांदूळ बोरो हंगामाचा, म्हणजे हिवाळ्यात लावून सिंचनावर वाढवलेला आणि एप्रिल-मे मध्ये कापलेला असतो. आपल्या खरिपाचा दुष्काळ आणि त्यांच्या बोरोचे नुकसान या दोन स्वतंत्र घटना आहेत.

२०१७ चे उदाहरण पाहावे. मार्चअखेर आणि एप्रिलमध्ये मेघालयाच्या डोंगरांतून आलेल्या अवेळी पुराने सुनामगंज भागातल्या हाओरांमधला, म्हणजे विस्तीर्ण पाणथळ खोलगटांमधला, उभा बोरो कापणीआधी बुडाला. त्या वर्षी भारताकडे तांदूळ पुरेसा होता. बांगलादेशाने तांदळावरचे आयातशुल्क २८ टक्क्यांवरून आधी १० आणि मग २ टक्क्यांवर आणले आणि भारताचा तांदूळ मोठ्या प्रमाणावर तिकडे गेला. शेजाऱ्याची अतिवृष्टी आणि आपली भरलेली गोदामे एकाच वेळी असतात तेव्हा व्यापार हाच विमा ठरतो, आणि त्या वर्षी तो ठरला.

मात्र हवामानबदल या विम्याला कसा पोखरतो, हे पाहणे आवश्यक आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात व्यापक क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. अरबी समुद्र तापत असल्यामुळे तिथून येणारी बाष्पाची लाट हे त्यांनी दाखवलेले एक प्रमुख कारण आहे. त्याच समुद्रात ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मध्ये क्यार आणि महा ही चक्रीवादळे लागोपाठ आली. बंदी सप्टेंबरातच लागू झाली होती, परंतु त्यानंतरच्या पावसाने नाशिक पट्ट्यातले उरलेसुरले पीकही गेले आणि ती मार्च २०२० पर्यंत लांबली. घटना वाढल्या की दोन शेजाऱ्यांचे वाईट वर्ष एकत्र येण्याची शक्यता वाढते. पाऊस एकच आहे म्हणून तसे होते असे नाही. दोघांचीही चांगली वर्षे कमी होत चालली आहेत, हे त्यामागचे कारण आहे.


मीनल_दादर :

खारफुटी यांचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. या चर्चेत भारत सतत विक्रेत्याच्या भूमिकेत दिसतो आहे. भारत खरेदीदार असतो तेव्हा काय करतो, हेही पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी तुरीइतके बोलके उदाहरण नाही.

म्यानमारमध्ये तूर आणि उडीद पिकवले जातात ते प्रामुख्याने भारतासाठी, कारण तिकडच्या स्वयंपाकात त्यांना फारसे स्थान नाही. मुंबईच्या दाणाबंदरावर म्यानमारची तूर 'लेमन तूर' या नावाने ओळखली जाते. २०१४ आणि २०१५ या लागोपाठच्या दोन दुष्काळी वर्षांनंतर २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत तूरडाळ २०० रुपये किलोपर्यंत गेली होती, हे येथे अनेकांना आठवत असेल. सरकारने आयात वाढवली आणि म्यानमारच्या शेतकऱ्याने तो भाव पाहून पेरा वाढवला. २०१६ चा पाऊस चांगला झाला, मराठवाड्यात व विदर्भात विक्रमी तूर आली, भाव हमीभावाखाली गेले. मग ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टन आणि उडीद-मूग मिळून ३ लाख टनांची मर्यादा घातली. लातूरच्या शेतकऱ्यासाठी ते आवश्यक होते. परंतु म्यानमारच्या कोरड्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या हाती जो माल होता त्याला दुसरा ग्राहकच नव्हता. आपल्याकडच्या एका चांगल्या पावसाने त्याचे वर्ष बुडवले.

यातून भारताने पुढे एक शहाणपणाचा मार्ग काढला, याची नोंद घ्यावी लागेल. २०२१ मध्ये म्यानमारशी पाच वर्षांचा सामंजस्य करार झाला, त्यानुसार दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर खाजगी व्यापारामार्फत घेण्याचे ठरले. प्रमाण आपल्या गरजेच्या मानाने कमी आहे, पण पेरणीच्या वेळी समोरच्या शेतकऱ्याला किमान एक आकडा माहीत असतो. कांद्याच्या आणि गव्हाच्या बाबतीत बांगलादेशाला असा आकडा का मिळू नये, हा माझा प्रश्न आहे.

नियमांची बाजूही पाहू. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत अन्नाची गंभीर टंचाई टाळण्यासाठी तात्पुरती निर्यातबंदी घालता येते. शेतीविषयक कराराच्या बाराव्या कलमानुसार बंदी घालणाऱ्याने आयात करणाऱ्या देशाच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा आणि शक्य तितकी आगाऊ सूचना द्यावी, असे आहे. विकसनशील देशांना यातून सूट आहे, मात्र ज्या धान्याचा तो देश निव्वळ निर्यातदार आहे त्याला ही सूट लागू नाही. तांदळाच्या बाबतीत भारत कोणत्या बाजूला मोडतो, हे सांगण्याची गरज नाही.


लालबागची_खानावळ :

मीनलताई, खरेदीदार भारताचे आणखी एक उदाहरण माझ्या स्वयंपाकघरातले आहे. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटो इतका महागला की मी दोन महिने चिंचेवर आमटी केली. नारायणगावकडे उष्म्याने आणि रोगाने प्लॉट गेले होते. त्या वेळी केंद्राने नेपाळमधून टोमॅटो आणवला, अर्थमंत्र्यांनी १० ऑगस्टला संसदेत तसे सांगितले. तो मुंबईत काही आला नाही, उत्तर प्रदेशातल्या शहरांत विकला गेला, पण नेपाळच्या शेतकऱ्याचा माल आपल्या टंचाईला उपयोगी पडला, हे खरे. म्हणजे शेजारी कधी देतो आणि कधी घेतो. त्याला केवळ गिऱ्हाईक समजणे चुकीचे आहे, हा मुद्दा मला पटला.

पण माझा मूळ प्रश्न कायम आहे. कोटा बांधून दिला आणि त्याच वर्षी आपल्याकडे पीक गेले, तर आधी कोणाला?


मीनल_दादर :

टोमॅटोच्या त्या उदाहरणाची दुसरी बाजूही आहे. नेपाळने टोमॅटो देण्याची तयारी दाखवली तेव्हा आपली मागणीही पुढे ठेवली होती: तांदूळ, भात आणि साखर. कारण तीन आठवड्यांपूर्वीच भारताची तांदूळबंदी लागू झाली होती आणि काठमांडूत तांदूळ महागला होता. ऑक्टोबरमध्ये भारताने नेपाळसाठी ९५,००० टन तांदूळ मंजूर केला. त्याआधी ऑगस्टअखेर भूतानसाठी ७९,००० टन दिला होता. म्हणजे कोटा देता येतो, फक्त आज तो मागाहून, मेहेरबानी म्हणून दिला जातो.

आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यायचे तर, आधी आपल्याच माणसांना. पण प्रमाण पाहावे. भारतात तांदळाचे उत्पादन तेव्हा वर्षाला १३ कोटी टनांच्या वर होते. नेपाळला दिलेले ९५,००० टन त्यात हजारात एक भागसुद्धा नाही. त्यामुळे लालबागच्या ताटातला भात कमी होत नाही.


वरूड_ते_वडाळा :

संत्र्याबद्दल थोडे लिहितो. आमच्या वरूड-मोर्शी भागातल्या संत्र्याचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक बांगलादेश आहे. २०१९ मध्ये किलोमागे २० टका असलेले त्यांचे आयातशुल्क वाढत वाढत २०२३ मध्ये ८८ टक्यांवर गेले. आमच्याकडे सर्रास असे म्हणतात की कांद्याचा सूड संत्र्यावर काढला गेला. मला ते पूर्ण पटत नाही. त्या काळात बांगलादेशाकडे डॉलरची चणचण होती आणि फळांना त्यांनी चैनीच्या मालात धरले, हे कारण सरळ आहे. पण दोन देशांत कायमचा करार असता तर संत्र्याची बाजू मांडायला जागा असती, आज ती नाही. तापमान चढले की फळगळ होते, अतिपावसातही होते, आणि उरलेल्या फळाला गिऱ्हाईक नाही, अशी आमची स्थिती आहे.


फोर्टचा_चाकरमानी :

करारासाठी जागा कागदावर अनेक आहेत. साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार, २००६ पासून आहे. सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेची अन्नपेढी (टंचाईसाठीचा सामायिक धान्यसाठा) २००७ च्या दिल्ली परिषदेत ठरली, पण तिचे धान्य ज्या त्या देशाच्या गोदामात ज्या त्या देशाच्या ताब्यात असते, आणि टंचाईच्या वर्षांत धान्य मिळाले ते दोन सरकारांच्या थेट बोलण्यातून. दक्षिण आशियातील देशांचा आपापसांतला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास आहे, आग्नेय आशियात हे प्रमाण साधारण पंचवीस टक्के आहे.

टोकाचे उदाहरण पाकिस्तानचे. २०२२ च्या महापुरात सिंधमधला कांदा आणि टोमॅटो वाहून गेला. लाहोरपासून अमृतसर पन्नासएक किलोमीटरवर आहे, पण ऑगस्ट २०१९ पासून व्यापार थांबलेला होता. त्यांच्या अर्थमंत्र्यांनी भारतातून भाजी आणण्याचा विचार बोलून दाखवला, पुढे काही झाले नाही, आणि माल इराण व अफगाणिस्तानातून आला. त्या काळात आपल्याकडे कांद्याला भाव नव्हता. राजकारणाच्या बाबतीत या धाग्यावर मी एवढेच लिहीन.


निफाडकर_मुलुंड :

साठवणुकीचाही विचार व्हावा, कारण साठा टिकला तर बंदीची वेळच कमी येईल. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले विकिरण केंद्र २००२ पासून आहे. विकिरणाने कांद्याला कोंब फुटत नाहीत. पण भिजलेला कांदा विकिरणानेही वाचत नाही, सड थांबत नाही, आणि आमचे मुख्य नुकसान आता अवकाळी पावसाने भिजलेल्या कांद्याचे आहे. पारंपरिक चाळीतली तीस-चाळीस टक्के घट ही कोरड्या वर्षांतली जुनी गोष्ट आहे. दमट हवा वाढली की ती आणखी वाढते. शीतगृह आणि विकिरण दोन्ही जोडून केल्याशिवाय फरक पडणार नाही, आणि त्याचा खर्च दोन एकरवाल्याच्या आवाक्यात नाही. केंद्राचा राखीव साठा २०२३ मध्ये ३ लाख टनांवरून वाढवला गेला, परंतु तोही मोठ्या प्रमाणात साध्या चाळींतच ठेवला जातो.


न्हावाशेवा_शिफ्ट :

आगाऊ सूचना द्यावी असे सगळे म्हणत आहेत, म्हणून व्यवहारातली अडचण सांगतो. महिनाभर आधी बंदीची सूचना दिली तर त्या महिन्यात जेवढा माल निघेल तेवढा काढायची झुंबड उडेल, बंदरात आणि सीमेवर कोंडी होईल आणि देशातला भाव बंदीआधीच भडकेल. सरकार रात्री अधिसूचना काढते ते यासाठीच. त्यामुळे तारखेची सूचना उपयोगाची नाही. त्याऐवजी दोन गोष्टी करता येतील. अधिसूचनेच्या तारखेपूर्वी उघडलेल्या आणि बदलता न येणाऱ्या एलसीवरचा माल जाऊ द्यावा. गव्हाच्या बंदीत अशी सवलत दिली होती, कांद्यातही ती कायमची असावी. आणि बंदीऐवजी शेजारी देशांसाठी टनांची वार्षिक मर्यादा आधीच जाहीर करावी.


फोर्टचा_चाकरमानी :

एलसीची सवलत मला पूर्ण मान्य आहे, मात्र बँकेत बसलेला माणूस म्हणून एक इशारा देतो. गव्हाच्या वेळी मागची तारीख घातलेल्या एलसी सादर झाल्याच्या तक्रारी आल्या आणि परकीय व्यापार महासंचालनालयाला प्रत्येक एलसीची पडताळणी कडक करावी लागली. त्यासाठी बँकांमधल्या संदेशांची तारीख आणि वेळ प्रमाण मानावी, तिच्यात नंतर फेरफार करता येत नाही.

कोट्याबद्दल माझी शंका वेगळी आहे. २०२४ मध्ये बंदी असताना बांगलादेशासाठी ५०,००० टन कांदा मंजूर झाला, पण तो एका सरकारपुरस्कृत सहकारी निर्यात संस्थेमार्फत पाठवायचा होता. माल एकाच खरेदीदारामार्फत गेला की शेतकऱ्याला मिळणारा भाव तोच ठरवतो, आणि परदेशातल्या चढ्या भावाचा लाभ बांधापर्यंत पोहोचत नाही. कोटा असावा, तो खुल्या लिलावातून नोंदणीकृत निर्यातदारांत वाटला जावा.


निफाडकर_मुलुंड :

लिलाव असो वा संस्था, आकडा कधी जाहीर होतो यावर आमचे सगळे अवलंबून आहे. उन्हाळ कांद्याची रोपे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकली जातात आणि लागण डिसेंबर-जानेवारीत होते. बियाणे घेताना शेजारच्या देशाला पुढच्या एप्रिलपासून किती टन जाणार हे कळले, तर किती एकर लावायचे आणि किती एकरांत गहू-हरभरा घ्यायचा हे ठरवता येईल. मे २०२४ मध्ये बंदी उठली ती टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून, आणि शुल्क पूर्ण गेले ते १ एप्रिल २०२५ रोजी. दोन्ही वेळा आमची लागण होऊन महिने झाले होते. कोटा जाहीर करायचाच असेल तर तो सप्टेंबरअखेर करावा, रोपवाटिकेत बी पडण्याआधी.